साठीनंतरचा वर्षावास

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत आपल्या बहुतेक विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. तिथे कोण बसलेले असते, हे एकदा नीट पाहा. बरीचशी मंडळी साठीच्या आसपासची. कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीतून, बँकेतून, एसटीतून, महापालिकेतून, जिल्हा परिषदेच्या शाळेतून. महिलांमध्ये निवृत्त परिचारिका, शिक्षिका आणि आयुष्यभर घर व मजुरी दोन्ही ओढलेल्या माता.

या माणसांच्या आरोग्यावर लिहायचे तर रक्तदाब आणि साखर यांवर लिहून भागत नाही. दवाखान्यात ती गुडघे दाखवायला येतात, झोप लागत नाही म्हणून येतात, छातीत धडधडते म्हणून येतात. तपासण्या पुष्कळदा ठीक निघतात. थोडे बोलते केले की मग खरे दुखणे बाहेर येते : आता पुढे काय?

हा प्रश्न आरोग्याचाच आहे, असे माझे मत आहे. आणि त्याचे उत्तर घाईने शोधू नये, टाळूही नये. आयुष्याच्या नव्या वळणावर आधी काही काळ शांत बसावे, स्वतःला तपासावे आणि मग उठून कामाला लागावे. बुद्धाच्या शिकवणीत त्याची रीत आहे. आपण ती वाचतो, पण स्वतःच्या जगण्याला लावून पाहत नाही.

नोकरी सुटते, ओळखही सुटते

आपल्या आजोबांच्या पिढीला निवृत्ती हा शब्द ठाऊक नव्हता. शरीर थकले की काम सुटायचे आणि काम सुटले की खाण्याचे वांधे व्हायचे. बाबासाहेबांमुळे शाळा मिळाली, आरक्षण मिळाले, नोकरी मिळाली. नोकरीने नुसता पगार दिला नाही. ज्या गावात बापाला चावडीखाली उभे राहावे लागे, त्या गावात मुलगा ‘साहेब’ म्हणून परतला. म्हणूनच ५८ व्या किंवा ६० व्या वर्षी शाल आणि बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन घरी येणारा आपला माणूस दुसऱ्या कोणापेक्षा जास्त काहीतरी मागे ठेवून आलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कोणी फोन करत नाही. पुढे पंधरा-वीस वर्षे सहज पडलेली असतात, आणि त्यांचे काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

मग तीन वाटा दिसतात. पहिली वाट खुर्चीची. टीव्ही, वर्तमानपत्र, गोळ्यांचा डबा, आणि काहींच्या बाबतीत संध्याकाळची बाटली. पाचवे शील आयुष्यभर पाळलेला माणूसही या काळात घसरताना दिसतो. दुसरी वाट पदाची. विहार समिती, जयंती समिती, सोसायटीचे सचिवपद, एखाद्या गटाचे तालुका अध्यक्षपद, जे मिळेल ते. कार्यालयातला हुकूम इथे चालत नाही, मग वाद, मग दुसरी समिती, मग एकाच वस्तीत दोन जयंत्या आणि दोघांचाही रक्तदाब वाढलेला. तिसरी वाट वरून चांगली दिसते : एका शिबिरातून दुसऱ्या शिबिरात. घरी बायकोचे ऑपरेशन, मुलीच्या सासरचा प्रश्न, शेताचा वाद, सगळे तसेच पडलेले, आणि उपासक मात्र मौनात.

या तिन्ही वाटांवर माणूस एकच गोष्ट करतो. तो ‘आता पुढे काय’ या प्रश्नासमोर बसत नाही.

आणि इथे एक गोष्ट विसरता कामा नये. आपल्या अनेक माताभगिनींना निवृत्ती नसते. नोकरीवालीची नोकरी सुटते, चूल सुटत नाही. सून कामाला जाते आणि नातवंडे आजीकडे येतात. रजोनिवृत्तीचा त्रास, गुडघेदुखी आणि पाठीमागे धावणारे तीन वर्षांचे पोर, असे सगळे एकदमच. कंत्राटी सफाई कामगार, बिगारी, घरकाम करणारी बाई यांच्या साठीला तर पेन्शनही नाही. ‘पुढे काय’ हे ठरवण्याची मोकळीक सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. ज्याला ती मिळाली आहे त्याने ती नुसती आरामात घालवावी का, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

वानप्रस्थ आपला नव्हे

निवृत्तांसाठीच्या लेखांत आणि भाषणांत ‘वानप्रस्थ’ हा शब्द फार येतो. आपली माणसेही तो सहज वापरतात. वापरू नये. वयाप्रमाणे माणसाचे खाने पाडून देणारी ती आश्रमांची चौकट शूद्रांसाठी आणि स्त्रियांसाठी नव्हतीच. बाबासाहेबांनी ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये चार आश्रमांची ही व्यवस्था एक कोडे म्हणूनच तपासली आहे. जिथे आपल्याला प्रवेश नव्हता, त्या घराची भाडेपावती आज कशाला फाडायची?

धम्मात वयाचे असे खाने नाहीत. राहुलने लहानपणी संघात प्रवेश केला. महाप्रजापती गौतमी वय झाल्यावर पायी चालत आल्या आणि त्यांनी प्रव्रज्या मागितली. अनाथपिंडिक शेवटपर्यंत गृहस्थच राहिला. प्रत्येकाने आपली परिस्थिती पाहून आपला मार्ग ठरवला. ठरवण्याचे हे काम आपल्यासाठी कोणी करून ठेवलेले नाही, आणि ती चांगलीच गोष्ट आहे.

सिद्धार्थाने कसे ठरवले

वृद्ध, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी स्वीकारली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर या गोष्टी पाहिल्याच नसतील, हे त्यांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी मांडलेली हकिकत वर्षावासात आपण दर वर्षी ऐकतो. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले. आता त्याच्यापुढे मार्ग होते ते असे : युद्धात सामील व्हायचे, देहदंड किंवा देशत्याग पत्करायचा, नाहीतर कुटुंबावर बहिष्कार आणि मालमत्तेची जप्ती ओढवून घ्यायची. त्याने परिव्रज्या निवडली. आईवडिलांशी बोलला, यशोधरेशी बोलला, आणि मगच निघाला.

या हकिकतीत पुढे एक प्रसंग आहे, त्याकडे आपले लक्ष कमी जाते. काही काळाने बातमी येते की शाक्य आणि कोलीय यांच्यात समेट झाला. म्हणजे ज्या कारणासाठी घर सोडले ते कारणच उरले नाही. घरी परत जाता आले असते. सिद्धार्थ थांबला आणि पुन्हा विचार केला. पाण्याचे भांडण मिटले, पण माणसामाणसांतला, वर्गावर्गांतला संघर्ष मिटलेला नाही, मूळ प्रश्न तोच आहे, हे त्याच्या लक्षात आले आणि तो पुढे गेला. नंतर आळार कालाम, उद्दक रामपुत्त, कठोर तपश्चर्या, एकेक मार्ग त्याने स्वतः अनुभवून पाहिला. जो पुरेसा वाटला नाही, तो सोडला. त्यानंतर तो बोधिवृक्षाखाली बसला.

निवृत्तीच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला यातून तीन गोष्टी घेता येतात. कारण संपले की निर्णय पुन्हा तपासावा. घरच्यांना विचारल्याशिवाय मार्ग ठरवू नये. आणि एखादी वाट चुकीची निघाली तर ती सोडण्यात कमीपणा नाही.

बाबासाहेबांची साठी

२७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला तेव्हा ते साठ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईत पराभव झाला, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही झाला. मधुमेह होता, पायांतील वेदना होत्या, दृष्टी अधू होत चालली होती. आपल्या हिशेबाने ही खुर्चीत बसण्याची वेळ. त्यांनी याच काळात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ लिहिला, रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व लाखोंना दिली.

प्रकृतीची हेळसांड करून काम करा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ६५ व्या वर्षी बाबासाहेब आपल्यातून गेले, ही आपल्या समाजाची भरून न निघालेली हानी आहे. अर्थ एवढाच की पद गेले, निवडणूक हरली, शरीर थकले, तरी काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. कारण येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून एकवीस वर्षे त्यांनी तो प्रश्न मनात वागवला होता, वाचन केले होते, सगळ्या बाजूंनी तपासला होता. त्यांचा निर्णय एका सभेत झालेला नव्हता.

ध्यान कशासाठी?

ध्यानाविषयी आपल्यात दोन टोकांची मते आहेत. एक पक्ष म्हणतो, डोळे मिटून बसल्याने अत्याचार थांबत नाहीत, विपश्यनेच्या नादाने चळवळ थंड पडली. दुसरा पक्ष म्हणतो, दहा दिवस बसून या, सगळे प्रश्न सुटतील. पहिल्या पक्षाची भीती खोटी नाही. भिक्खू हा परिपूर्ण माणूस व्हावा की समाजसेवक, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच उपस्थित केला, आणि केवळ स्वतःच्या परिपूर्णतेत गुंतलेला भिक्खू धम्माच्या प्रसाराला उपयोगी नाही, असे स्पष्ट म्हटले. भिक्खूला जे लागू ते निवृत्त उपासकाला का लागू नसावे?

पण म्हणून ध्यानच नको, हेही मला पटत नाही. राग, मत्सर, पदाची हाव, अपमानाची जुनी जखम घेऊन समितीत बसलेला माणूस चळवळीचे काय भले करतो, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मनात काय चालले आहे हे ज्याला दिसते, तो दुसऱ्याशी भांडण्याआधी क्षणभर थांबतो. ध्यानाचे काम मला तेवढेच वाटते आणि ते लहान नाही. निर्णय टाळण्यासाठी ध्यान करू नये. निर्णय स्वच्छ मनाने घेता यावा म्हणून करावे.

आता वैद्यकशास्त्रही याकडे गंभीरपणे पाहते. १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन काबाट-झिन यांनी दीर्घकाळच्या वेदना आणि ताण असलेल्या रुग्णांसाठी सजगतेवर आधारलेला उपक्रम सुरू केला. पुन्हा पुन्हा येणारे नैराश्य रोखण्यासाठी सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. जे आपल्या घरचे आहे, ते परदेशातून परत येण्याची वाट पाहू नये.

राहुलला दाखवलेला आरसा

मज्झिम निकायात अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्त आहे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे धम्मोपदेश भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत व त्यांचे चिंतन करावे असे सांगितले, त्यांत राहुलला केलेल्या या उपदेशाचाही उल्लेख आहे. भगवान राहुलला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे तो सांगतो. मग भगवान सांगतात की शरीराने, वाणीने किंवा मनाने काही करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर असेच पाहावे : याने माझे अहित होते का, दुसऱ्याचे होते का, दोघांचे होते का? होत असेल तर थांबावे. होत नसेल तर करावे.

लहान मुलाला सांगितलेली ही गोष्ट साठीच्या माणसाला तितकीच उपयोगी आहे. समजा विहार समितीचे अध्यक्षपद चालून आले. होकार देण्याआधी पाहा : मला काम हवे आहे की खुर्ची? माझ्याऐवजी एखादी तरुणी हे काम चांगले करील का? माझ्या प्रकृतीला आणि घराला हे झेपेल का? पद घेतले तर सहा महिन्यांनी पुन्हा पाहा : लोक जोडले गेले की तुटले? पद सोडताना पाहा : मागे काय राहिले? नातू सांभाळणे, ग्रॅच्युइटीचे पैसे मुलाच्या धंद्यात घालणे, गावी घर बांधणे, पुन्हा कंत्राटी नोकरी धरणे, प्रत्येक निर्णयाला हाच आरसा लावता येतो.

म्हणून माझी सूचना आहे. निवृत्तीनंतरचा पहिला वर्षावास राखून ठेवा. त्या तीन महिन्यांत नवे पद घेऊ नका, मोठी रक्कम कुठे गुंतवू नका. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटे आनापान करा, म्हणजे येणारा-जाणारा श्वास फक्त पाहा. संध्याकाळी वहीत चार ओळी लिहा : आज कशाने मन प्रसन्न झाले, कशाने कडू झाले. पौर्णिमेच्या उपोसथाला त्या ओळी एकदा वाचून पाहा. तीन पौर्णिमांनंतर आपला कल कुठे आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. मग घरात बसून बोला. बायकोला, नवऱ्याला, मुलांना, सुनेला आधी विचारा आणि मग ठरवा. जिला पंधरा मिनिटेही मोकळी मिळत नाहीत, तिच्यासाठी घरातल्या बाकीच्यांनी ती काढून द्यावीत. नातवाला पंधरा मिनिटे आजोबांनी धरले तर काही बिघडत नाही.

प्रकृतीची पथ्ये

आता डॉक्टर म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो.

ध्यान सुरू केले म्हणून रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची किंवा मानसिक आजाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा. मांडी घातली तरच ध्यान होते असे नाही. बसणे अजिबात जमत नसेल तर सावकाश चंक्रमण करा, चालतानाही सजग राहता येते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी शिबिराला जाण्याआधी जेवणाच्या वेळा विचारून घ्याव्यात, आपल्या डॉक्टरांशी बोलावे आणि व्यवस्थापकांना आजाराची कल्पना द्यावी. अष्टशीलात दुपारनंतरचे जेवण वर्ज्य असते, पण गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसली तर मौन सोडा आणि मदत मागा.

ज्यांना पूर्वी तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा झटके यांचा त्रास झाला आहे, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाऊ नये. प्रवेश अर्जात आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. ती माहिती साधकाच्या सुरक्षिततेसाठी असते.

उतारवयातले नैराश्य नेहमी रडण्याने दिसत नाही. अंगदुखी, चिडचिड, पहाटे लवकर जाग येणे, भूक मरणे, विसरभोळेपणा, कशातच मन न लागणे, हेही नैराश्य असू शकते. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या, काही वेळा कारण तिथेच सापडते. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर ध्यानाला बसू नका, माणसाशी बोला. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ आहे.

नकुलपिता नावाचा वृद्ध उपासक भगवंतांकडे आला आणि म्हणाला की शरीर जर्जर झाले आहे, सतत आजारी असते. भगवंतांनी त्याला शरीर आजारी नाही असे खोटे सांगितले नाही. शरीर आजारी असले तरी मन आजारी होऊ द्यायचे नाही, असा अभ्यास कर, असे सांगितले. शरीरासाठी औषध घ्यावे आणि मनासाठी अभ्यास करावा. एकामुळे दुसऱ्याची गरज संपत नाही.

विहारांनी काय करावे

हे सगळे एकट्या माणसावर सोडून चालणार नाही. ग्रंथवाचन झाल्यावर अर्धा तास निवृत्तांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, अशी प्रथा विहारांनी घालावी. महिन्यातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासणी ठेवावी. आपल्यातल्याच निवृत्त परिचारिका ती उत्तम करतील. आणि तीन महिन्यांनंतर, आश्विन पौर्णिमेला, प्रत्येकाने आपण पुढच्या वर्षी कोणते एक काम करणार ते सांगावे. निवृत्त शिक्षकाने दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवावे. बँकेतल्या माणसाने बचत गटाचे हिशेब पाहावेत. महापालिकेतून निवृत्त झालेल्याने कंत्राटी सफाई कामगारांचे भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरून द्यावेत. एसटीतल्या वाहकाने आजारी माणसाला तालुक्याच्या रुग्णालयात सोबत करावी. यातल्या एकाही कामाला अध्यक्ष लागत नाही.

परवा अशाच एका निवृत्त कर्मचाऱ्याने विचारले, ‘डॉक्टर, चाळीस वर्षे साहेबांचे ऐकले, आता कोणाचे ऐकू?’ मी म्हटले, ‘आधी स्वतःचे ऐकायला शिका. पण त्यासाठी थोडे गप्प बसावे लागेल.’ ते हसले आणि रक्तदाबाची चिठ्ठी घेऊन गेले.

पुढची आषाढ पौर्णिमा आली की विहारात दोन आसने जास्त टाका. आणि दोन खुर्च्याही.

जयभीम!